पत्रा का उडतो?

वैशाखात वादळ सुटलं, की आमच्या सिरसाळ्यात पत्र्यांवर दगड ठेवतात. पण पत्र्याबरोबर दगडही उडाला अन् कुणाच्या डोक्यात पडला तर?

चेन्नईला 'स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर' ही केंद्र सरकारची संशोधनसंस्था आहे. तिथे वाऱ्याचा लांबलचक बोगदा आहे. त्यात इमारतींच्या छोट्या प्रतिकृती ठेवून वारा सोडतात, दाब मोजतात. अशा प्रयोगांतून कळलेली गंमत ऐका. छपरावरून जाणारा वारा पत्र्याला वर ओढतो! कडांना, कोपऱ्यांना ही ओढ सर्वांत जास्त. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की जोर चौपट! म्हणून 2015 साली सुधारलेल्या भारतीय मानकातही कडांसाठी जास्त जोर धरलाय.

मग कडेचे हुकबोल्ट जवळजवळ नकोत का? आज बाबांना मोजायला सांगा. तुम्ही मात्र वर चढू नका हं!