घोड्याचा दमा आणि सोयाबीनचे औषध

सम्राट अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरविलेल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी व पशूंसाठी अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या आणवून लावल्या, असेही त्यात नमूद आहे. गिरनारच्या खडकावर हा लेख आजही पाहावयास मिळतो. मुक्या जनावराच्या औषधाचा विचार धम्माच्या परंपरेतलाच आहे. म्हणून या स्मरणिकेत आम्ही घोड्याच्या दम्याविषयी लिहीत आहोत.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे रामनवमीला मोठी यात्रा भरते. तोच काळ लग्नसराईचा. आपल्या भागात घोडी पाळणाऱ्याचे पोट बहुधा वरातीवरच चालते. नेमक्या याच कोरड्या दिवसांत गोठ्यात कुटार व कडब्याची धूळ उडत असते. घोडी धापा टाकू लागली की मालकाची मिळकत बुडते.

घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. सारा श्वास नाकपुड्यांतूनच चालतो. विश्रांतीत त्याचा श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६ वेळा होतो. कोरड्या चाऱ्यातील बुरशीचे सूक्ष्म कण व धूळ सतत आत गेल्याने काही घोड्यांच्या श्वासनलिकांना सूज येते, चिकट कफ साठतो आणि नलिका आवळतात. घोडा खोकतो, नाकपुड्या फुगवतो, श्वास सोडताना पोटाचा जोर लावतो. ताप बहुधा नसतो. ताप, नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर जखमा असतील तर तो संसर्ग असू शकतो. ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो, म्हणून अशा वेळी पशुवैद्यकाला ताबडतोब कळवावे.

अशा घोड्याला धुरी देण्याची चाल काही ठिकाणी आहे. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन असते आणि त्याने आवळलेली नलिका काही वेळ सैल होते, हे खरे. पण सूज उतरत नाही, धुराने नलिका अधिकच चिडते आणि अ‍ॅट्रोपिनने आतड्याची हालचाल मंदावून घोड्याला पोटशूळ होऊ शकतो. वनस्पतीत गुण असला तरी तो योग्य रूपात व योग्य मात्रेत दिला तरच औषध ठरतो.

सूज उतरविण्याचे काम स्टेरॉइड गटातील औषधे करतात. या औषधांचा आपल्या शेताशी संबंध आहे. १९४९ मध्ये कॉर्टिसोनचा संधिवातावरील गुण जगाला कळला, पण ते गुरांच्या पित्तापासून बनवावे लागे व फार महाग पडे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ पर्सी ज्युलियन यांनी सोयाबीन तेलातील स्टेरॉलांपासून स्टेरॉइडे बनविण्याचा मार्ग सुलभ केला. १८९९ मध्ये जन्मलेल्या ज्युलियन यांचे आजोबा गुलाम होते. महाविद्यालयाच्या वसतिगृहात त्यांना जागा मिळाली नाही. पुढे व्हिएन्ना विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी १९३१ मध्ये मिळविली, तरी १९५० मध्ये शिकागोजवळील त्यांच्या नव्या घराला आग लावण्याचा प्रयत्न झालाच. बडोद्यात राहायला जागा नाकारल्या गेलेल्या बाबासाहेबांची आठवण येथे विद्यार्थ्यांना झाल्याशिवाय राहणार नाही.

याच गटातील बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन व सिक्लेसोनाइड ही औषधे श्वासावाटे देता येतात. घोड्याच्या नाकपुडीवर मुखवट्यासारखे साधन बसवून फवारा दिला की औषध थेट फुप्फुसात पोहोचते. इंजेक्शन किंवा गोळीपेक्षा मात्रा कमी लागते व उरलेल्या शरीरावर परिणामही कमी होतो. तोंडावाटे वा इंजेक्शनने जादा स्टेरॉइड गेल्यास काही घोड्यांना खुरांची सूज येण्याची भीती असते. युरोपात सिक्लेसोनाइडचा खास घोड्यांसाठी बनविलेला फवारा २०२० मध्ये मान्य झाला. मात्र फवाऱ्याचा गुण यायला दिवस लागतात. घोडा गुदमरत असेल तेव्हा तातडीचे दुसरे उपचार पशुवैद्यकच करू शकतो. माणसाचा पंप मनाने वापरू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बिनपैशाची आहे. धूळ तशीच राहिली तर महाग औषधही पुरेसे पडत नाही. कडबा व गवत पाण्यात भिजवून द्यावे, बुरशी आलेला चारा टाकून द्यावा. चारा उंच न टांगता जमिनीवर ठेवावा, म्हणजे मान खाली राहून कफ बाहेर पडतो. कुटार झाडताना व गोठा लोटताना घोडा बाहेर बांधावा. डासांसाठी घोड्याजवळ धूर करू नये.

ज्या सोयाबीनच्या कुटाराची धूळ घोड्याचा श्वास कोंडते, त्याच सोयाबीनच्या तेलातून त्याचा श्वास मोकळा करणाऱ्या औषधांचा मार्ग निघाला. हा चमत्कार नव्हे. शिक्षण आणि चिकाटी यांचे हे फळ आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यात सोयाबीन पिकविणाऱ्यांच्या मुलामुलींनी पोती मोजण्यापुरतेच थांबू नये, त्यातील रसायनही शिकावे, अशी आमची अपेक्षा आहे. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, हा तथागतांचा कालामांना दिलेला उपदेश गोठ्यातही तितकाच लागू आहे.