व्हिसा नको, तरी परवानगी हवी

आपल्या सभासदांपैकी अनेकांची मुले, भाचे-पुतणे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी गेली. काही तेथेच स्थायिक झाली, काहींनी तेथील नागरिकत्वही घेतले. सुटीत अशा कुटुंबांचे एकत्र प्रवास ठरतात, तेव्हा "आम्हाला तिथे व्हिसा लागत नाही" हे वाक्य हमखास कानावर येते. हे वाक्य आता अर्धेच खरे उरले आहे. व्हिसा लागत नसला तरी निघण्यापूर्वी संगणकावरून परवानगी घ्यावी लागते, असा नियम एकामागून एक देशांनी केला आहे. तो ठाऊक नसल्यामुळे तिकीट हाती असूनही प्रवाशाला विमानतळावरून परत फिरावे लागते. म्हणून सभासदांच्या व विशेषतः विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी हा विषय आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

व्हिसा आणि पूर्वपरवानगी

व्हिसा म्हणजे परक्या देशाच्या वकिलातीने कागदपत्रे तपासून, बोटांचे ठसे घेऊन, प्रसंगी मुलाखत घेऊन दिलेली संमती होय. काही देश आपल्या विश्वासातील देशांच्या नागरिकांना अल्प मुदतीच्या भेटीसाठी यातून सूट देतात. पूर्वी अशी सूट असलेला माणूस केवळ पासपोर्ट खिशात घालून विमानात बसत असे. आता त्याला आधी एक अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. त्यात नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, पत्ता व पूर्वीच्या गुन्ह्यांसंबंधी काही प्रश्न असतात. ही माहिती संगणक सरकारी याद्यांशी ताडून पाहतो. उत्तर बहुधा काही मिनिटांत, कधी काही दिवसांनी येते. पासपोर्टवर शिक्का बसत नाही की काही चिकटवले जात नाही. परवानगीची नोंद त्या पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेली राहते, एवढेच.

ही पद्धत कशी आली?

या पद्धतीचा आरंभ ऑस्ट्रेलियाने १९९६ साली केला. तिला जगभर महत्त्व आले ते मात्र अमेरिकेमुळे. अमेरिकेने १९८६ च्या कायद्याने व्हिसामाफीची योजना आखली आणि १९८८ साली प्रथम ब्रिटन व नंतर जपान यांना तिच्यात घेतले. या योजनेखाली येणाऱ्या माणसाची खरी चौकशी विमान अमेरिकेत उतरल्यावरच होत असे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर या उणिवेकडे लक्ष गेले. त्याच वर्षी डिसेंबरात पॅरिसहून मायामीला निघालेल्या विमानात बुटात स्फोटके लपवलेला प्रवासी पकडला गेला. त्याच्याजवळ ब्रिटिश पासपोर्ट होता, म्हणजे त्याला व्हिसाची गरजच नव्हती. पुढे २००७ साली कायदा झाला आणि १२ जानेवारी २००९ पासून 'एस्टा' ही पूर्वपरवानगी सक्तीची झाली. प्रारंभी ती विनाशुल्क होती. २०१० साली १४ डॉलर, २०२२ साली २१ डॉलर आणि ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलर अशी तिची फी चढत गेली. ती दोन वर्षे, किंवा पासपोर्टची मुदत त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत चालते.

इतर देशांनी हाच कित्ता गिरवला. कॅनडाने २०१६ साली विमानाने येणाऱ्यांसाठी 'ईटीए' सुरू केली. तिची फी ७ कॅनेडियन डॉलर व मुदत जास्तीत जास्त पाच वर्षे ठेवली. न्यूझीलंडने २०१९ साली व दक्षिण कोरियाने २०२१ साली अशीच व्यवस्था आणली. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये कतारच्या नागरिकांपासून आरंभ केला. ८ जानेवारी २०२५ पासून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांच्या व २ एप्रिल २०२५ पासून युरोपातील देशांच्या नागरिकांना ती लागू झाली. तिची फी १० पौंडांवरून ९ एप्रिल २०२५ रोजी १६ पौंड झाली. युरोपीय संघाने 'एटियास' नावाचा कायदा २०१८ साली केला, पण अंमलबजावणी वारंवार पुढे गेली. फी ७ युरो ठरली होती. २०२५ साली ती २० युरो करण्याचा निर्णय झाला आणि आरंभासाठी २०२६ च्या अखेरच्या तिमाहीचा काळ जाहीर करण्यात आला.

विमानतळावर काय घडते?

परवानगी नसलेल्या प्रवाशाला नेल्यास विमान कंपनीला दंड होतो व त्याला स्वखर्चाने परत आणावे लागते. म्हणून खिडकीवरील कर्मचारी पासपोर्ट यंत्रात घालतो, तेव्हा कंपनीचा संगणक त्या देशाच्या सरकारी संगणकाला विचारणा करतो. तिकडून होकार आला नाही तर बोर्डिंग पास निघत नाही. कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काही उपयोग नसतो, कारण निर्णय त्याचा नसतोच. परदेशाची सीमा आता मुंबईच्या विमानतळावरच सुरू होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

परवानगी मिळाली म्हणजे प्रवेश मिळालाच, असेही समजू नये. ती विमानात बसण्यापुरती असते. प्रवेशाचा अंतिम निर्णय उतरल्यावर तेथील अधिकारी घेतो. अमेरिकेच्या व्हिसामाफीत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही व मुदतही वाढवून मिळत नाही. शिवाय अधिकाऱ्याने परत पाठवले तर आश्रयाची मागणी वगळता त्याविरुद्ध दाद मागण्याचा हक्क प्रवाशाने आधीच सोडलेला असतो. सोय मिळते, तिची किंमतही असते.

भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी काय समजावे?

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व युरोपीय संघ यांच्या व्हिसामाफीच्या यादीत भारत नाही. भारतीय पासपोर्टधारकाला तेथे भेटीला जाताना रीतसर व्हिसाच काढावा लागतो. 'एस्टा काढून देतो' असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर ते देऊ नयेत.

येथे राहण्याचे ठिकाण नव्हे, तर पासपोर्ट पाहिला जातो, ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. समजा, लंडनमध्ये राहणारा मुलगा ब्रिटिश नागरिक आहे, सुनेचा पासपोर्ट भारतीयच आहे आणि आई-वडील नागपूरहून आले आहेत. सर्वांनी मिळून न्यूयॉर्कला जायचे ठरवले तर मुलाला एस्टा लागेल, सुनेला व आई-वडिलांना मात्र अमेरिकेचा व्हिसा लागेल. घर एक, प्रवास एक, पण रांगा दोन. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला महिनेही लागू शकतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी प्रत्येकाचा पासपोर्ट वेगवेगळा पाहावा.

विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकेत केवळ विमान बदलायचे असले तरी एस्टा किंवा व्हिसा आवश्यक असतो. स्वस्त तिकीट कोणत्या देशातून जाते हे त्यासाठीच पाहावे.

पूर्वपरवानगी भारतीयांना कोठेच लागत नाही असेही नाही. केनियाने जानेवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी व्हिसा रद्द केल्याचे जाहीर केले, पण त्याच वेळी ३० डॉलरची ऑनलाइन परवानगी आणली. ती भारतीयांनाही लागू झाली. मलेशियाने जानेवारी २०२४ पासून व थायलंडने १ मे २०२५ पासून आगमनपत्र ऑनलाइन भरणे सक्तीचे केले. ते विनाशुल्क आहे. ते परवानगीपत्र नव्हे, माहितीपत्र आहे, तरी आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत भरावेच लागते.

अर्ज भरताना घ्यावयाची काळजी

१) अर्ज त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच भरावा. अमेरिकेच्या सरकारी पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही', ब्रिटनच्या 'जीओव्ही डॉट यूके' असा असतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

२) नाव पासपोर्टमध्ये आहे तसेच लिहावे. आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे वा पतीचे नाव जोडलेले असते. पासपोर्टच्या ज्या रकान्यात ते असेल त्याच रकान्यात अर्जातही असावे.

३) पासपोर्ट क्रमांकातील शून्य आणि इंग्रजी 'ओ' अक्षर यांची गल्लत होऊ देऊ नये. एका चिन्हाची चूक झाली तरी परवानगी दुसऱ्याच क्रमांकाला जोडली जाते.

४) पासपोर्ट नवा काढला की परवानगीही नवी काढावी.

५) तान्ह्या मुलाचाही अर्ज वेगळा असतो.

६) खोटे उत्तर देऊ नये. परवानगी नाकारली गेली तर व्हिसासाठी अर्ज करण्याचा मार्ग मोकळा असतो. खोटेपणा उघड झाला तर तो मार्गही बंद होऊ शकतो.

७) एस्टासाठी निदान ७२ तास आधी व ब्रिटनसाठी तीन कामाचे दिवस आधी अर्ज करावा. तिकीट काढण्यापूर्वी केल्यास उत्तम.

फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वी ते नव्याने पाहावेत. नातवाच्या बारशाला किंवा जवळच्या माणसाच्या अंत्यविधीला निघालेला माणूस एका न भरलेल्या अर्जापायी विमानतळावर अडकून पडावा, यासारखे दुःख नाही. ज्यांना संगणकाची सवय नाही अशा वडीलधाऱ्यांचे अर्ज घरातील विद्यार्थ्यांनी शेजारी बसून भरून द्यावेत आणि भरलेला प्रत्येक शब्द त्यांना वाचून दाखवावा. एवढे केले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.