डळमळत्या व्होल्टेजचा माग

पावसाळ्यातली संध्याकाळ. हेडलाइट, वायपर, ब्लोअर सगळं एकदम चालू. सिग्नलला गाडी थांबली की दिवे मंदावतात, अॅक्सिलरेटरवर पाय पडला की पुन्हा उजळतात. असं दिसू लागलं की बहुतेक गाडीमालक एकच निष्कर्ष काढतात: बॅटरी गेली. मग नवी बॅटरी बसते, चार-पाच हजार रुपये खर्च होतात आणि काही दिवसांत दिव्यांची तीच तऱ्हा सुरू होते. बॅटरी हा चार्जिंग यंत्रणेचा एक भाग झाला. अल्टरनेटर, रेग्युलेटर, बेल्ट, जाड तारा आणि अर्थिंग हेही त्याच यंत्रणेत येतात. यांतला नेमका गुन्हेगार शोधून काढणं हे चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं खरं कौशल्य आहे. आपल्याकडे त्या कौशल्याची किंमत फार कमी लोकांना कळते.

यंत्राची रचना आधी पाहू. फियाट ११०० सारख्या जुन्या गाड्यांत डायनमो असे. इंजिन आयडलिंगला असताना त्याच्याकडून फारशी वीज मिळत नसे, आणि व्होल्टेज आवरायला कटआउटच्या डबीतले पॉइंट सतत थरथरत असत. सिलिकॉनचे डायोड लहान आणि स्वस्त झाले तेव्हा चित्र पालटलं. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि हळूहळू तो सगळीकडे रुळला. त्याच्या पोटात रोटरचं वेटोळं फिरतं. दोन कार्बन ब्रश स्लिप रिंगवर टेकून या वेटोळ्याला जेमतेम तीन-चार अँपिअर प्रवाह पोहोचवतात. तेवढ्या चुंबकत्वावर बाहेरच्या स्टेटरमध्ये तीन फेजची एसी वीज तयार होते आणि सहा डायोड तिची डीसी करतात. इंजिनचा वेग आणि विजेची मागणी दोन्ही सतत बदलत असतात. तरीही व्होल्टेज साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान राहतं, कारण रेग्युलेटर रोटरचा प्रवाह सेकंदाला असंख्य वेळा चालू-बंद करत असतो.

तपासणी सुरू होते ती इंजिन बंद असताना. काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आलेली. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र बॅटरी आधी पूर्ण चार्ज करूनच हा निवाडा करावा, कारण उपाशी ठेवलेली चांगली बॅटरीही अशीच मान टाकते. त्यानंतर इंजिन चालू करून आयडलिंगला एक आकडा घ्यायचा, आणि हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर लावून, इंजिन १५०० ते २००० आरपीएमवर ठेवून दुसरा.

व्होल्टेज हलतंय एवढ्यावर काम भागत नाही. ते कोणत्या तालात हलतंय, हे पाहावं लागतं. आयडलिंगला पडतं आणि रेस केल्यावर सावरतं, शिवाय ओल्या सकाळी इंजिन चालू करताच किंचाळल्यासारखा आवाज येतो, तर बेल्ट घसरत असतो. आधी त्याचा ताण आणि झीज बघावी. खड्ड्यात आदळल्यावर चार्जिंग जातं आणि आपोआप परत येतं, तर झिजून आखूड झालेले कार्बन किंवा सैल कनेक्टर यांच्याकडे बोट जातं. इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापीबरोबर डॅशबोर्डचे दिवेही लुकलुकतात, तर दोघांच्या सामाईक अर्थमध्ये गंज चढलेला असण्याची शक्यता मोठी. रेडिओत इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी ऐकू येत असेल तर मीटर एसीवर लावून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजावं. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली की एखादा डायोड गेला असं धरून चालावं. आणि वेग वाढवताच आकडा १५ च्याही वर चढत गेला तर रेग्युलेटर किंवा त्याला बॅटरीचं व्होल्टेज कळवणारी तार तपासायची. ती तार खराब झाली की रेग्युलेटरला बॅटरी रिकामी वाटते. मग तो अल्टरनेटरला आणखी दामटतो आणि बॅटरीतलं पाणी उकळून आटू लागतं.

सगळ्यात जास्त फसवतात ते सांधे. कोकणाच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचते, इंजिनपासून बॉडीकडे जाणारी अर्थची पट्टी आतून कुजते, आणि वरून मात्र सगळं धडधाकट दिसतं. ओहमच्या रेंजवर मीटर लावला तरी तो शून्यच दाखवतो, कारण इथला अडथळा ओहमच्या शंभराव्या हिश्शाइतका असू शकतो. पण त्याच सांध्यातून ५० अँपिअर वाहू लागले की अर्धा व्होल्ट तिथेच गळतो. कालव्याला मुखाशी पाणी भरपूर असावं आणि शेपटाकडच्या शेतकऱ्याला ते पोहोचू नये, तशी बॅटरीची गत होते. म्हणून जाणकार वायरमन भार चालू ठेवूनच मोजतो. मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बी प्लस नटावर, दुसरं बॅटरीच्या प्लस खांबावर. हा फरक ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत असायला हवा. मग एक टोक अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर, इथे ०.२ पेक्षा जास्त आलं तर अर्थ उघडून, घासून, घट्ट करायचा. मीटर लावलेला असतानाच तारा एकेक करून हाताने हलवल्या की आकडा नेमका कुठे उडी मारतो तेही समजतं. अल्टरनेटरपाशी १४.४ आणि बॅटरीपाशी १३.६ दिसत असतील, तर दोन्ही वस्तू चांगल्या असून मधला सांधा नादुरुस्त असतो. त्याच्या दुरुस्तीला पॉलिश पेपर आणि पाना पुरतो.

एक जुनी सवय मात्र आता कायमची सोडायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडली नाही तर चार्जिंग ठीक समजायचं, ही रीत डायनमोच्या काळात खपून गेली. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी तोडली तर व्होल्टेज क्षणात कित्येक पटींनी उसळतं. डायोड जातात आणि इंजिनचा कंट्रोल युनिटही जळू शकतो.

नव्या गाड्यांनी निदानात आणखी एक पायरी वाढवली आहे. अनेक मॉडेलमध्ये अल्टरनेटरला किती व्होल्ट द्यायचे हे इंजिनचा संगणक ठरवतो. ब्रेक दाबला किंवा उतार लागला की तो फुकटची ऊर्जा साठवायला व्होल्टेज १५ च्या जवळ नेतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवायला ते १२.५ ते १३ पर्यंत खालीही आणतो. अशा गाडीत हलता आकडा हा बिघाड नव्हे, ती तिची नेहमीची चाल आहे. काही गाड्यांत बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. बाहेरून बसवलेल्या अॅम्प्लिफायरचा किंवा जादा दिव्यांचा अर्थ थेट त्या खांबावर जोडला, तर हा सेन्सर प्रवाहाचा हिशेब चुकवतो. तो अर्थ बॉडीवर घ्यावा. म्हणूनच सुटे भाग बदलण्याआधी त्या मॉडेलचं चार्जिंग कसं चालतं हे माहीत असणं आवश्यक झालं आहे.

एवढी तपासणी करायला वेळ लागतो, आणि आपण त्या वेळेचे पैसे द्यायला तयार नसतो. गिऱ्हाईक बॅटरीचे पाच हजार निमूट मोजतं, पण मीटर लावून पाहिल्याचे तीनशे मागितले तर वाद घालतं. अशा वेळी कारागिराने तपासत बसण्यापेक्षा भाग बदलणं पसंत केलं तर दोष एकट्या त्याचा नाही. गाडी दुरुस्तीला देताना एवढंच करावं: उभ्या गाडीचा आकडा, आयडलिंगचा आकडा, भाराखालचा आकडा आणि दोन्ही बाजूंची गळती, हे सगळं बिलावर लिहून मागावं आणि त्या कामाचे पैसे आनंदाने द्यावेत. निदानाला मोल मिळालं तर ते करणारे कारागीर टिकतील, आणि चांगले अल्टरनेटर नि चांगल्या बॅटऱ्या विनाकारण भंगारात जाणार नाहीत.