चोर सोडून संन्याशाला फाशी

पहाटे पाचला फोन वाजला आणि मी ओळखलं, गुरुजींची गाडी पुन्हा अडली. त्यांच्या आईला डायलिसिसला लातूरला न्यायचं असतं, ती वेळ चुकवून चालत नाही. मी गेलो तेव्हा आजी शाल पांघरून मागच्या सीटवर बसल्या होत्या. चावी फिरवली की नुसतं टकटक, गाडी सेल्फच घेईना. माझ्या जीपच्या बॅटरीवरून ती चालू करून दिली. निघताना गुरुजी म्हणाले, "आठ महिन्यांतली ही दुसरी बॅटरी हो. आता तिसरी घ्यावी का?"

"घेऊ नका," मी म्हणालो. "दोन रात्री गाडी माझ्याकडे सोडा."

मी मुरुडला लातूर-बार्शी रस्त्यावर सव्वीस वर्षं गाड्यांचं वायरिंग करतो. सकाळी गाडी चालू झाली नाही की आधी बॅटरी बदलली जाते. पण बॅटरी उतरायची कारणं तीन. एक, ती स्वतःच थकलेली असते. दोन, डायनामो तिला नीट भरत नाही. तीन, गाडी बंद असताना एखादी वस्तू गुपचूप करंट खात असते. यातलं कोणतं, हे मीटर लावल्याशिवाय कळत नाही.

बॅटरीत सहा सेल असतात, एकेकात दोन व्होल्टच्या थोडं वर. पूर्ण भरलेली बॅटरी काही तास स्वस्थ ठेवली की मीटर १२.६ दाखवतो. १२.२ म्हणजे निम्मी आणि ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवं. गुरुजींच्या गाडीत १४.१ होतं. डायनामो ठीक होता.

पहिल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि १० नंबरच्या पान्यानं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवलं. ही परीक्षा घरीही करता येते. वायर काढलेली असूनही बॅटरी सकाळपर्यंत बरीच उतरली, तर दोष बॅटरीचा. सकाळी आकडा होता १२.६. म्हणजे बॅटरी निर्दोष होती, चोर गाडीत होता.

दुसऱ्या रात्री चोर शोधायला बसलो. बॉनेट उघडं, चावी बाहेर, दारं बंद. मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून तो निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याच्या वायरच्या मधे जोडला, म्हणजे गाडीचा सगळा करंट त्यातूनच जातो. अशा वेळी सेल्फ मारायचा नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जागीच उडतो. मग अर्धा तास थांबायचं. आजकालच्या गाड्यांतले कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतात, तोवरचा आकडा खरा नसतो.

घड्याळ, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटरची मेमरी यांना मिळून ०.०५ अँपिअरपर्यंत लागतात, तेवढं चालतं. गुरुजींच्या गाडीत अर्ध्या तासानंतरही १.८ दिसत होते. दहा तासांत १८ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची, म्हणजे निम्म्याहून जास्त रात्रीतच संपत होती. शाळा दहा मिनिटांवर, तेवढ्या चालण्यात ती भरून निघत नव्हती.

एकेक फ्यूज काढत गेलो. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या लाइनवर चोर. डिक्कीचा न विझणारा दिवा, चिकटलेला रिले असाच सापडतो. पण इथं सगळे फ्यूज काढले तरी १.८ हलेना. डायनामोचा डायोड खराब असला तरी करंट गळतो, म्हणून बॅटरी सोडवून त्याची वायर काढली आणि पुन्हा मोजलं. तरीही तेच. मग राहिली फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट बॅटरीवरून गेलेली वायर. टॉर्च धरून तिच्या मागं मागं गेलो, तर ती पुढच्या सीटखाली शिरलेली. हात घातला. आतला डबा कोमट लागला, बंद गाडीत, रात्री अकराला.

तो गाण्याचा अँप्लिफायर होता, आधीच्या मालकानं बसवलेला. त्याला जागं करणारी निळी वायर टेपला जोडायची असते. टेप बंद झाला की अँप्लिफायरही झोपतो. कुणीतरी ती तुकडा टाकून त्याच्याच लाल वायरला जोडली होती. टेप बंद, आवाज बंद, डबा मात्र रात्रंदिवस जागा. निळी वायर टेपपर्यंत नेली, जोड डाग देऊन पक्का केला. आकडा ०.०३ वर आला. खर्च दीड मीटर वायरचा.

बाहेरून काहीही बसवाल, मग तो टेप असो, कॅमेरा असो की जीपीएस, वायर कुठून घेतली हे विचारा. पंधरा दिवस गावाला जाताना निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, कारण ०.०५ अँपिअरही तेवढ्या दिवसांत अशी बॅटरी निम्मी करतात. पाणी घालायची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खराब करतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, त्या उष्णतेनंही बॅटरी लवकर थकते. तेव्हा ती बदलावीच लागते. पण "आधी मीटर लावून आकडा दाखवा," असं तुमच्या वायरमनला हक्कानं सांगा.

गुरुजींनी तिसरी बॅटरी घेतली नाही. दुसरीवरच आजी वेळेवर लातूरला पोचतात.