मुशी, बंदूक आणि काकांची सुरी

गेल्या सेमिस्टरला हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये 'जॉज' लावला होता. १९७५ सालचा सिनेमा, पण पोरं अजूनही श्वास रोखून बघतात. शेवटी पोलीसप्रमुख शार्कच्या तोंडातल्या हवेच्या सिलिंडरवर रायफलने गोळी झाडतो आणि शार्कच्या चिंधड्या! शिट्ट्यांनी खोली दणाणली. माझं गाव देवगडकडचं आणि काका ट्रॉलरचे तांडेल, हे सगळ्यांना माहीत. रूममेटने विचारलं, "काय रे, तुझ्या काकांकडे पण बंदूक असते का?"

सुट्टीत हाच प्रश्न मी काकांना विचारला. ते हसले. "बंदूक कित्याक व्हयी रे? सुरी आसा मगे!"

या एका वाक्यामागे बरंच विज्ञान आणि थोडा कायदा आहे. तो सांगण्यासाठी हा लेख.

आधी विज्ञान. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट. द्रवाचा विरोध घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण फ्लुईड मेकॅनिक्समध्ये घोकतो. म्हणजे गोळी जितकी वेगवान, तितका पाण्याचा तडाखा जबर. रायफलची वेगवान गोळी पाण्यात शिरताच फुटते किंवा मीटरभरात तिचा जोर संपतो. चार हात खोल असलेल्या माशाला तिचं काय?

दुसरी गोष्ट जास्त धोक्याची. समजा तुम्ही पाण्यापासून २ मीटर उंचीवर उभे आहात आणि २० मीटरवर शार्कचा पर दिसला. गोळी पाण्याला किती कोनात लागेल? गणित करा, सहा अंशांपेक्षाही कमी. इतक्या तिरक्या कोनात लागलेली गोळी चपटा दगड तळ्यावर टप्पे खात जातो तशी उसळू शकते. आसपास दुसऱ्या बोटी असतातच. म्हणूनच सपाट कठीण पृष्ठभागावर किंवा पाण्यावर गोळी झाडू नये, हा बंदूक शिकवणाऱ्यांचा जुना नियम. त्यात बोट डोलते, डेक माशांच्या चिकटाने निसरडा आणि पायाखाली डिझेलची टाकी. नेम चुकला तर भोक बोटीलाच पडायचं!

कायदाही स्पष्ट आहे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, मग ती घरात असो की होडीत. परवाना असला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेपर्वाईने गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि जाळ्यात व्हेल शार्क असेल तर प्रकरण आणखी गंभीर. २००१ पासून तिला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. शिकारीला किमान तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

मग मुशी बोटीवर आली तर करायचं काय? हे मी बारावीच्या सुट्टीत चांगलंच शिकलो. जाळ्यातून चारेक फुटांची मुशी आली होती. वीस मिनिटं डेकवर निपचित पडली होती. एका खलाशाने ती मेली समजून शेपटीला धरून उचलली. क्षणात ती उलटी वळली आणि त्याचा हात धरला! मुशीला हाडं नसतात, सांगाडा सगळा कूर्चेचा. त्यामुळे अंग वाकवून ती स्वतःच्या शेपटीपर्यंत सहज पोचते. मेल्यासारखी वाटली तरी जबडा मिटू शकतो. जखमेवर कापड घट्ट दाबून, हात वर धरून आम्ही बंदर गाठलं. दोन तास लागले. टाके पडले, हात वाचला. पण ते दोन तास मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून काकांच्या बोटीवर नियम पक्के. मोठी मुशी डेकवर घ्यायचीच नाही. गळाला असेल तर पाण्यातच ठेवून, लांब दांड्याच्या सुरीने गळाजवळ दोर कापायचा. छोटी सोडायची असेल तर ओले हातमोजे घालून एक हात शेपटीच्या बुडाशी, दुसरा पुढच्या परांमागे पोटाखाली. शेपटीला लटकवायची नाही. पाण्याबाहेर स्वतःच्याच वजनाने तिचे आतले अवयव दुखावतात. हात तोंडापासून लांब आणि उघडे पाय तर डेकवर नकोतच. तिची कातडीसुद्धा सँडपेपरसारखी सोलून काढते.

जाळं कापलं तर नुकसान कोण देणार? यावर महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये योजना आणली. संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळं कापलं आणि त्याचे फोटो दिले, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. म्हणजे मारली तर किमान २५ हजार दंड, सोडली तर २५ हजारांपर्यंत मदत. हिशेब तुम्हीच करा!

'जॉज'मधला शार्कमाऱ्या क्विंट ज्याच्यावरून घेतला असं मानतात, तो अमेरिकेतला फ्रँक मुंडस पुढे स्वतःच शार्क वाचवा म्हणत, इजा कमी करणाऱ्या गोल गळांचा प्रचार करू लागला. आमच्या काकांनी 'जॉज' पाहिलेला नाही. पण त्यांची सुरी रोज सकाळी धार लावून खिळ्याला टांगलेली असते, आणि बोटीवर चढणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला आधी ती जागा दाखवली जाते.

तेव्हा कोकणात ट्रिपला याल आणि कुणाच्या होडीवर चढाल, तर सेल्फीसाठी मुशीला हात लावण्याआधी तांडेलाला विचारा. तो सांगेल ते ऐका.