पळसाचा पाठ : आवारातील लाल फुलझाडांची ओळख

देवळाली कॅम्प म्हटले की लष्करी छावणी, कोरडी हवा आणि जुने बंगले आठवतात. आपल्या निवासी शाळेत शिकून गेलेल्यांच्या आठवणीत मात्र आणखी एक गोष्ट असते : एखादा गुलमोहर, एखादी जास्वंद. ही लाल फुलझाडे केव्हा फुलतात, त्यांच्यात लाल असते ते नेमके काय, आणि बहर नसताना ती कशी दिसतात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. म्हणून हा अल्प परिचय.

पळस, पांगारा आणि काटेसावर ही आपल्या मातीतली झाडे. त्यांचा बहर थंडी सरताना, साधारणपणे माघ-फाल्गुनात येतो. त्या वेळी फांद्यांवर पाने जवळजवळ नसतात, त्यामुळे फुले दुरूनही नजरेत भरतात. मधमाशीला लाल रंग नीट ओळखता येत नाही. पक्ष्यांना तो उत्तम दिसतो. म्हणूनच या झाडांवर शिंजीर, मैना, बुलबुल यांची वर्दळ असते. ते फुलातील मध पितात आणि परागकण एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेतात.

गुलमोहर हा दूरचा पाहुणा. त्याचे मूळ मादागास्कर बेटावर असून शास्त्रीय वर्णन १८२९ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे तो ऐन उन्हाळ्यात फुलतो. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी एक वेगळी, फिकट व ठिपकेदार असते. त्याची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असल्यामुळे वर्गखोल्यांना लागून तो लावू नये.

कर्दळ आणि पॉइन्सेटिया अमेरिका खंडातून आले. कर्दळीत आपण ज्यांना पाकळ्या समजतो, ते वस्तुतः रूपांतरित पुंकेसर असतात. पॉइन्सेटियाचे लाल ‘फूल’ म्हणजे रंग बदललेली पाने. खरी फुले मध्यभागी, पिवळसर व बारीक असतात. ही पाने लाल होण्यासाठी हिवाळ्यातील लांब, अखंड काळोखाच्या रात्री लागतात. रात्रभर दिवा जळणाऱ्या व्हरांड्यात ठेवलेली कुंडी म्हणूनच हिरवी राहते. जास्वंदीचे एक फूल बहुधा एकच दिवस टिकते, तरी झुडूप जवळजवळ वर्षभर फुलत असते.

या सर्वांत पळसाला बौद्ध वाङ्मयात विशेष स्थान आहे. संयुत्त निकायातील किंसुक सुत्तात तथागतांनी त्याचा दृष्टांत दिला आहे. किंसुक म्हणजे पळस. ज्याने तो कधी पाहिला नाही असा एक मनुष्य जाणकारांना त्याविषयी विचारतो. एक म्हणतो, तो जळक्या खुंटासारखा काळा असतो. दुसरा म्हणतो, मांसाच्या तुकड्यासारखा लाल. तिसरा त्याच्या सोललेल्या सालीचे आणि फुटलेल्या शेंगांचे वर्णन करतो. चौथा वडासारख्या दाट सावलीचे. कोणीच खोटे बोलत नाही. प्रत्येकाने ज्या वेळी झाड पाहिले, त्या वेळी ते तसेच होते.

आमच्या मते निवासी शाळेला याहून मोलाचा पाठ नाही. आपल्याकडील अनेक मुले घरातील पहिली शिकणारी असतात. पहिल्या सत्रात गप्प बसणारे, घराच्या आठवणीने कोमेजलेले मूल पाहून ‘याला अभ्यास जमणार नाही’ असे म्हणणे, म्हणजे पानगळीतला पळस पाहून त्याला जळका खुंट ठरवणे होय. निकालाच्या दिवशीच शाळेत येणाऱ्या पालकांनाही एकच ऋतू दिसतो. शिक्षकाला बारा महिने दिसतात. त्यामुळे त्याची जबाबदारी अधिक मोठी. शतकानुशतके एका समाजाला एकाच नजरेने पाहिले गेले, त्या समाजाच्या शाळेत ही चूक होता कामा नये.

झाडांच्या बाबतीतही हेच घडते. निष्पर्ण पांगारा वा पळस वाळला असे समजून तोडला जातो आणि त्या जागी शोभेची रोपे येतात. सम्राट अशोकाने रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया उभारल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत उभ्या केलेल्या शैक्षणिक परिसराला आपण नागसेनवन म्हणतो. या वारशाचा विचार करता झाड तोडण्यापूर्वी ते एक वर्ष पाहावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला झाडे द्यायची ठरवल्यास पळसाला अग्रक्रम द्यावा. त्याच्या चपट्या शेंगेत एकच बी असते. मुळे खोल जात असल्याने मोठे रोप हलवण्यापेक्षा ताजे बी पावसाच्या तोंडावर जागेवरच पेरणे बरे. वाढ सावकाश होते, धीर हवा. कर्दळ सांडपाण्याच्या कडेला लावावी, जास्वंद फांदी लावून वाढवावी. आणि प्रत्येक वर्गाने एका झाडाची नोंदवही ठेवावी : कोणत्या महिन्यात पाने गळली, कळी कधी आली, कोणता पक्षी आला. वर्षाअखेरीस ती वही वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पळस कसा असतो, हे कोणाला विचारावे लागणार नाही.