चांगभलं! पण जरा बेतानं

चैत्र पौर्णिमा जवळ आली, की मुंबई-पुण्याच्या स्नेह्यांची विचारणा सुरू होते, "यंदा जोतिबाच्या यात्रेला यावं म्हणतो. कसं काय?" कॉलेजला त्या दिवशी सुट्टी असो वा नसो, माझा वर्ग रिकामाच असतो. तेव्हा सल्ला द्यायला मी मोकळा!

कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटरवर वाडी रत्नागिरीचा डोंगर आहे. केदारनाथाचे, म्हणजे जोतिबाचे, आजचे देऊळ १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधविले. शेजारचे केदारेश्वराचे १८०८ मध्ये दौलतराव शिंद्यांनी. यात्रेचा थाट मात्र सासनकाठ्यांचा. उंचच उंच वेळूची काठी एकजण पेलून नाचवतो आणि चहूबाजूंचे गडी 'तोरण्या' म्हणजे दोर ताणून तिचा तोल राखतात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या पाडळीच्या काठीचा. सायंकाळी पालखी यमाईच्या भेटीला निघते, तेव्हा गुलाल-खोबऱ्याच्या वर्षावात आभाळच गुलाबी होते.

या गुलालानेच आठ वर्षांपूर्वी माझी फजिती केली. नवस फेडायला आईला घेऊन गेलो होतो. दवण्याची जुडी घ्यायला क्षणभर तिचा हात सोडला, आणि गर्दीचा लोंढा मध्ये आला. शोधू कुणाला? हिरव्या लुगड्याची खूण धरावी, तर सगळीच लुगडी गुलाबी! फोन लागेना. मांढरदेवीला २००५ साली चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक माणसे गेली, ते आठवून पाय लटपटू लागले.

तासाभराने एका दीपमाळेच्या आडोशाला आई दिसली. एक म्हातारे शेतकरी आपले उपरणे तिच्या डोक्यावर धरून उभे होते. "आजी म्हनल्या, ल्योक मास्तर हाय. म्हनलं, मग चुकनारच!" मी गाव विचारले. ते हसून "चांगभलं!" म्हणाले आणि आपल्या काठीकडे गेले.

म्हणून स्नेह्यांना सांगतो: भेटण्याची जागा आधीच ठरवा. वृद्धांच्या आणि मुलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा. जुने कपडे घाला, डोळे जपा, पाणी जवळ बाळगा. आपली मोटार आणण्यापेक्षा एस.टी.च्या जादा गाड्या बऱ्या. गर्दी सोसवत नसेल, तर यात्रेचा हट्ट सोडा; माघ पौर्णिमेनंतरच्या रविवारी 'खेटे' घालणाऱ्यांबरोबर पहाटे पायी चला, किंवा एखाद्या साध्या वारी निवांत दर्शन घ्या. पन्हाळाही तिथून जवळच.

'चांग' काय आणि 'भलं' काय, दोहोंचा अर्थ एकच, हे मी वर्गात कितीदा सांगितले होते! पण ते कुणाचे चिंतायचे, हे त्या उपरण्याच्या सावलीत कळले.